कापसाची काडतुसं

नाना, गेल्या महिन्यात एक म्हातारी बाई नातवाचा हात धरून माझ्या घराचा जिना चढून वर आली. मी दार उघडलं आणि मला काही ओळखता आलं नाही. तिने मात्र जाड चष्म्यातून मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "जमादार साहब की लड़की हो न? अरे, तुम तो बूढ़ी हो गईं." हसली तेव्हा ओळखलं. मिलच्या रीलिंग खात्यातली, सुताच्या लडी गुंडाळणारी, तुमच्या रक्षा दलात नाव घाला म्हणून तुमच्याशी भांडलेली ती. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यासाठी या दारात कुणी येईल असं मला वाटलं नव्हतं.

नातू वकील आहे. त्यानेच सांगितलं की जिथे आपल्या मिलचं फाटक होतं तिथे आता कॉलनी झाली आहे, कोपऱ्यावर लहानशी बाग आहे, आणि कॉलनीवाल्यांनी त्या बागेत एक दगड बसवायला परवानगी दिली आहे. दगडावर त्याच्या आजोबांचं नाव, शहीद म्हणून, आणि खाली तुमचं, रक्षा दलाचे उस्ताद म्हणून. "आंटी, आपको दो शब्द बोलने हैं. उस्ताद के परिवार से और कोई बचा नहीं." म्हातारी मान हलवत होती. मी म्हटलं, विचार करून सांगते. ती चकित झाली. यात विचार काय करायचा, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. आणि खरंच, दुसरी कुणी असती तर लगेच हो म्हणाली असती.

आता मी सगळं पहिल्यापासून लिहिते आहे. तुम्हाला सांगायला नाही, तुम्हाला ते माहीतच आहे. मलाच ते एका ओळीत लावून बघायचं आहे. मनात ठेवलं की त्यातला एक तुकडा दुसऱ्यापुढे जातो.

आपली मिल म्हणजे बिरला नगरची ती मोठी मिल नव्हे. आपली लहान, रेल्वे लाइनच्या अलीकडची. आता तिचं नावही कुणाला सांगता येत नाही. तुम्ही फौज सोडून आलात आणि मालकाने तुम्हाला फाटकावर जमादार ठेवलं, कारण मराठा, फौजी, आणि स्वतःची लायसन्सची बंदूक. आपल्या घराण्यात दख्खनेतून आलेले सगळे शिपाईच. तुमच्या आजोबांची तलवार दसऱ्याला निघायची आणि पुन्हा कपाटावर जायची. तुम्ही खाकी वर्दी घालून फाटकाशी उभे असायचे आणि शिफ्ट सुटली की मजूर तुम्हाला 'राम-राम जमादार साहब' म्हणत बाहेर पडायचे. घरी आलात की वर्दी उतरवून मराठी बोलायला लागायचे. मला लहानपणी वाटायचं की हिंदी त्या वर्दीच्या खिशातच राहते.

मग संप झाला. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. मालकाने ठरवलं होतं की जो विणकर दोन माग बघतो त्याने चार बघायचे, आणि उरलेल्यांनी घरी जायचं. मजूर फाटकासमोर सतरंजी टाकून बसले. तुम्ही फाटकाच्या आतल्या बाजूला, ते बाहेरच्या. दुपारी त्यांच्यातलं कुणी तुम्हाला गजांमधून बिडी द्यायचं. तुम्ही ती घ्यायचे, पण पीत नव्हता, खिशात ठेवायचे, हे आईने वर्दी धुताना पाहिलं होतं. मग मालकाच्या ठेकेदाराने बाहेरून लठैत, भाडोत्री लाठीवाले, आणले, ट्रक भरून. एके दिवशी सकाळी ते मजुरांच्या लाइनमध्ये, त्यांच्या क्वार्टरांत, शिरले आणि नळावर पाणी भरणाऱ्या बायकांना त्यांनी मारलं. तिथल्या बायकांच्या किंकाळ्या फाटकावर ऐकू येत होत्या. तुम्ही मॅनेजरला विचारलंत, आणि तो म्हणाला, "जमादार, तुम्हारी ड्यूटी फाटक की है. फाटक देखो."

त्या दिवशी तुम्ही दुपारीच घरी आलात. गंजिफ्रॉक आणि धोतर. मी जेवत होते. आईने विचारलं, "वर्दी कुठाय?" तुम्ही म्हणालात, "परत केली." आईने पदराला हात पुसले. "आणि आता?" तुम्ही पाटावर बसलात, म्हणालात, "आता वाढ." एवढंच. मला तेव्हा तुमचा फार अभिमान वाटला. नाना, इथपर्यंत मला सगळं सरळ दिसतं. इथपर्यंत विचाराल तर मी कुठल्याही बागेत उभी राहून बोलेन.

लाइनच्या मागच्या मैदानात तुम्ही मजुरांना कवायत शिकवायला लागलात, तेच रक्षा दल. तीस-चाळीस माणसं, बहुतेकांकडे लाठ्या, आणि पाच-सहा जणांकडे बंदुका. आपल्याकडे चंबळच्या बाजूच्या गावांत घरात एक बारा बोर असतेच. ते गावी गेले आणि बापाची, काकाची बंदूक गोधडीत गुंडाळून घेऊन आले. त्यांना पाय एकत्र उचलता येत नव्हता. तुम्ही ओरडून दमलात. मग एका विणकराने सांगितलं की उस्ताद, हुकूम देऊ नका, मागाचा आवाज काढा. तुम्ही 'खटाक-खट, खटाक-खट' करायला लागलात आणि सगळी रांग एका पायावर आली. मैदानाच्या कडेला बसलेल्या बायका हसून लोळल्या. त्या दिवसापासून तुम्ही जमादार साहब राहिला नाहीत, उस्ताद झालात. ती रीलिंगवाली उठून म्हणाली, "हमें भी सिखाओ. पिटे तो हम थे." तुम्ही नाही म्हणालात. ती म्हणाली, "क्यों, हमारे पाँव नहीं हैं?" तिचा नवरा बंदूकवाल्यांच्या रांगेत उजव्या टोकाला उभा होता, मान खाली घालून हसत होता. शेवटी तुम्ही बायकांना छतांवर विटा जमवायचं काम दिलंत आणि तिला त्यांची मुखिया केलंत.

मी कॉलेजातून सायकलवर थेट मैदानात यायची. तुम्ही बंदूकवाल्यांना समोर बसवून जे बोलायचे ते मला अजून पाठ आहे. "बंदूक डराने की चीज़ नहीं है. जो डराने के लिए उठाता है, वह मारा जाता है. उठी, तो चलेगी. चली, तो लगेगी. जिससे न हो, वह आज ही घर जाए." कुणी घरी गेलं नाही. मला ते वाक्य फार आवडलं होतं. मी मैत्रिणींना फूलबागेत गवतावर बसून तुमच्या आवाजात म्हणून दाखवायची.

आणि मग ती दुपार. मी लवकर घरी आले, आमचे प्रोफेसर आले नव्हते. आई चुलीपुढे बसून भाकऱ्या करत होती आणि तुम्ही स्वयंपाकघरातच, खिडकीशी, चटईवर. समोर परातीत काडतुसं. दलाची सगळी काडतुसं तुमच्याकडेच राहायची, एकाच्याही घरी ठेवायची नाहीत असा तुमचा नियम होता. तुम्ही एक काडतूस घ्यायचे, चाकूच्या टोकाने त्याच्या तोंडावरची पुठ्ठ्याची चकती काढायचे, छर्रे वाटीत ओतायचे, आणि जागी कापूस ठासायचे. मिलचा टाकाऊ कापूस, करडा, सरकीचे कण असलेला. मग चकती परत बसवून वरून मेणबत्तीचं मेण. दारू तशीच ठेवत होता. बंदूक वाजेल, धूर निघेल, आणि कापूस उडेल. आई भाकरी थापत होती, तिने एकदाही तिकडे पाहिलं नाही, म्हणजे तिला माहीत होतं.

मी विचारलं, "नाना, हे काय?" तुम्ही काम थांबवलं नाही. मी पुन्हा विचारलं, "त्यांना सांगितलंय?" तेव्हा तुम्ही मान वर केली आणि म्हणालात, "ख़ामोश." हिंदीत. फाटकावरच्या आवाजात. तुम्ही माझ्याशी त्याआधी कधी हिंदीत बोलला नव्हता, नंतरही नाही. मी दप्तर तिथेच टाकून बाहेर अंगणात गेले. आई मागून आली, पिठाचे हात तसेच, आणि हळू म्हणाली, "फौजेत असताना ह्यांना एकदा जमावावर गोळी चालवायचा हुकूम झाला होता." मी म्हटलं, "मग? चालवली?" आई म्हणाली, "मला सांगितलं नाही. पण आठ-पंधरा दिवस धड जेवले नव्हते." मग ती आत गेली आणि भाकरी जळल्याचा वास आला.

मग लठैत आले. दोन-तीन दिवसांनी, सकाळी. नवे मजूर घेऊन फाटक उघडायला, ट्रकच्या पुढे लाठ्या, आणि त्यांच्यातही तीन-चार बंदुका. मी तुमचा डबा घेऊन गेले होते आणि अडकले. त्या रीलिंगवालीने मला हाताला धरून एका क्वार्टरच्या छतावर ओढलं. शेजारी विटांची टोपली. खाली तुमची रांग. पायाला पाय लावून, तोंडातून एक शब्द नाही. मी तशी रांग पुन्हा कधी पाहिली नाही. लठैत थांबले. त्यांच्या म्होरक्याच्या गळ्यात लाल गमछा होता, तो शिव्या देत पुढे आला. तुम्ही म्हणालात, "वहीं रुको." तो थांबला नाही. तुम्ही हात वर केलात आणि खाली आणलात.

सगळ्या बंदुका एकदम वाजल्या. नाना, तो आवाज! मी कान झाकले. धूर वर छतापर्यंत आला, आणि धुरातून दिसलं की ते पळत होते. लाठ्या टाकून, चपला टाकून. रीलिंगवालीने माझ्या पाठीत जोरात थाप मारली, "देख, देख, भाग रहे हैं!" ती नाचत होती. मीही ओरडत होते. मला वाटलं, तुम्ही किती हुशार. कुणी मेलं नाही आणि आपण जिंकलो. एका क्षणापुरतं माझ्या मनात सगळं इतकं स्वच्छ झालं होतं.

मग तो लाल गमछेवाला पळता पळता थांबला. त्याने स्वतःची छाती चाचपली. पोट चाचपलं. आजूबाजूला पाहिलं, कुणीच पडलेलं नव्हतं. तो हसला. मला छतावरून त्याचं हसू दिसलं. त्याने एकाच्या हातातली बंदूक घेतली आणि परत चालत आला. आपल्या रांगेतले बाकीचे गोंधळून तुमच्याकडे बघत होते. फक्त उजव्या टोकाच्याने, तिच्या नवऱ्याने, दुसरं काडतूस भरलं आणि अगदी जवळून चालवलं. त्या माणसाच्या कुडत्यावर कापसाचा एक जळका पुंजका चिकटला. त्याने तो झटकला. तुम्ही ओरडलात, "लेट जाओ! सब लेट जाओ!" आणि सगळे जमिनीवर पडले, तुम्ही सोडून, आणि तिचा नवरा सोडून. तुम्ही त्याच्याकडे धावत होता. पोचला नाहीत. गमछेवाल्याची गोळी आधी पोचली.

छतावर माझ्या शेजारी ती विटांच्या टोपलीवर बसली. नंतर पोलीस आले, बंदुका जप्त झाल्या, तुम्हाला धरून नेलं. गमछेवाल्यालाही धरलं असं म्हणाले, पुढे तो सुटलाही म्हणाले. संप मिटला. चार मागांचे तीन झाले, काहींना परत घेतलं, तिलाही रीलिंगमध्ये ठेवलं. यालाच लोक विजय म्हणाले. मिरवणूकही निघाली. बंदुका का लागल्या नाहीत याचं उत्तर प्रत्येकाने आपापलं शोधलं: काडतुसं जुनी होती, दुकानदाराने फसवलं, नेम वर धरला होता. तुमच्यावर कुणी संशय घेतला नाही. कसा घेणार? तुम्हीच तर उभे होता.

तुरुंगातून काही महिन्यांनी सुटून आलात तेव्हा नई सडकवरच्या एका कापड दुकानात तुम्हाला चौकीदारी मिळाली. शेटने बंदूक ठेवायला सांगितली, तुम्ही म्हणालात लाठी पुरे. मी तिथून जाताना तुम्ही स्टुलावर बसलेले दिसायचे, दुकानात येणाऱ्या बायकांच्या चपला सरळ लावत. आणि दर दिवाळीला, धनत्रयोदशीच्या आधी, तुम्ही चुन्याची बादली घेऊन तिच्या क्वार्टरमध्ये जायचे आणि तिच्या भिंती स्वतःच्या हाताने पांढऱ्या करून यायचे. आईला ते आवडायचं नाही. लोक बोलायचे. तुम्ही आलात की नखांत चुना असायचा आणि आई म्हणायची, "झालं तुमचं प्रायश्चित्त?" तुम्ही मोरीवर हात धुवायला जायचे. मला वाटायचं आता तरी बोलाल. शेवटच्या आजारपणात, आई गेल्यावर, मी एकदा तुमच्या उशाशी बसून विचारलंच, "नाना, त्या दिवशी त्यांना का नाही सांगितलंत?" तुम्ही डोळे मिटून होता. म्हणालात, "मागचं दार लावलंस का?" मी उठून बघून आले. दार लावलेलंच होतं. परत आले तोवर तुम्हाला झोप लागली होती, किंवा तुम्ही तसं दाखवलंत.

म्हणून मी त्या नातवाला लगेच हो म्हटलं नाही. माझी नात, जी माझ्याजवळ राहून शिकते, ती सगळं ऐकून म्हणाली, "आजी, तू बता दे ना त्यांना. इतकं काय सोचायचं? पणजोबांनी कुणाला मारलं नाही, ये तो अच्छी बात है." मी म्हटलं, "आणि तिचा नवरा?" तिने स्कूटरची किल्ली उचलली. मग म्हणाली, "हाँ यार. वो भी है." तिनेच मला स्कूटरवर बसवून त्या म्हातारीच्या घरी नेलं. दगडावर काय कोरायचं ते कोरण्याआधी तिला कळायला हवं, एवढंच मला कळत होतं.

ती अजून त्याच बाजूला राहते, वर दोन मजले चढवलेत. खाटेवर बसून लसूण सोलत होती. नातू कोर्टात गेला होता, सून चहा ठेवायला आत गेली. मी सांगायला सुरुवात केली. मी परात सांगितली, चाकू सांगितला, कापूस सांगितला. हिंदीत सांगताना सगळं आणखी वाईट वाटत होतं. ती लसूण सोलत राहिली. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "रुई. हाँ."

मी म्हटलं, "आपको मालूम था?"

"उनको मालूम था. उन्होंने ही तो कहा था तुम्हारे बाबूजी से." ती नवऱ्याबद्दल बोलत होती. "उधर ट्रक में उनका सगा भांजा था. गाँव का. ठेकेदार ने उसको भी लाठी पकड़ा दी थी. ये बोले, उस्ताद, मेरे से भांजे पर गोली नहीं चलेगी. और चली नहीं तो बाक़ी भी नहीं चलाएँगे. तो उस्ताद बोले, ठीक है, किसी की नहीं चलेगी."

मला रडू आलं, नाना. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या मानेवरचं ओझं उचलून बाजूला ठेवलं असं वाटलं. तिने लसणाच्या हाताने माझं डोकं थोपटलं. "रो मत, बिटिया. रो मत."

पण मला गप्प बसता येत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी विचारलं, "मग त्यांनी दुसरी गोळी का भरली?" हे मराठीतच निघालं तोंडातून, मग हिंदीत विचारलं. त्यांना जर ठाऊक होतं आत कापूस आहे, तर तो माणूस बंदूक घेऊन समोर आल्यावर दुसरं काडतूस भरून जवळून कशाला चालवलं? तिचं सोलणं थांबलं. म्हणाली, "दूसरी? दूसरी चलाई थी?" आणि मग, "भूल गए होंगे. आदमी भूल जाता है." मग सुनेला हाक मारली आणि विचारलं की उस्ताद की लड़की आई है, उनके लिए कुछ मीठा है कि नहीं.

निघताना सून मला खाली सोडायला आली. म्हणाली, "बुरा मत मानना आंटी. अम्मा को आजकल सब गड्ड-मड्ड हो जाता है. वो भांजेवाली बात हमने तो कभी सुनी नहीं." मी विचारलं, त्यांचा कुणी भाचा होता का. ती म्हणाली, "होगा. गाँव में तो सबका कोई न कोई होता है."

तेव्हापासून, नाना, मला काहीच कळेनासं झालं आहे. तिला खरंच ठाऊक होतं आणि मधल्या काळात ती विसरली? की मी रडू लागले म्हणून तिने तिथल्या तिथे एक भाचा उभा केला? पण मी रडले तिने सांगितल्यावर, आधी नाही. की माझा आवाजच असा होता? आणि सगळ्यांत वाईट म्हणजे आता मला आठवतं आहे की त्या काडतुसांच्या दुपारच्या आदल्या दिवशी तिचा नवरा आपल्या अंगणात आला होता, तुम्ही दोघे पेरूच्या झाडाखाली उकिडवे बसून बोलत होता, आणि आईने चहा आणेपर्यंत तो उठून गेला होता. मला कप दिसतो. कपावरची साय दिसते. पण हे मला इतकी वर्षं का आठवलं नव्हतं? की तिने सांगितल्यावर माझ्या डोक्याने ते अंगण सजवलं? आपल्याकडे पेरूचं झाड होतं हे तर नक्की. बाकी काहीच मला नक्की सांगता येत नाही.

आणि समजा ते खरं आहे. समजा त्याने म्हटलं आणि तुम्ही ऐकलंत. मग उरलेल्यांचं काय? ज्यांना तुम्ही सांगत होता की उठी तो चलेगी, चली तो लगेगी? त्यांना तुम्ही लठैतांच्या बंदुकांसमोर कापूस देऊन उभं केलंत. ते तुमच्या खटाक-खटवर पाय टाकत आले, कारण तुमच्यावर त्यांचा विश्वास होता. आणि समजा छर्रे असते, तर तो लाल गमछेवाला मेला असता, आणखी दोघे-चौघे, कदाचित खरंच कुणाचा भाचाही, आणि तुम्ही सगळे फासावर किंवा जन्मठेपेवर. तिचा नवराही. मी दोन्ही बाजूंनी बघते आणि दोन्हीकडे तुम्ही उभे दिसता, एकटे, बाकी सगळे जमिनीवर पडलेले. कधी मला वाटतं तुमच्याएवढा शूर माणूस मी पाहिला नाही. कधी वाटतं, तुम्ही फौजेतलं तुमचं काहीतरी जुनं फेडायला दुसऱ्याचा नवरा वापरलात. एकाच दिवसात दोन्ही वाटतं. सकाळी एक, संध्याकाळी दुसरं.

काल तो कार्यक्रम झाला. मी शेवटी हो म्हटलं होतं, कारण नाही म्हणायचं कारण कसं सांगणार? बागेत पंचवीस-तीस माणसं, बहुतेक कॉलनीतली, सकाळी फिरायला आलेली, पायांत बूट. लाल झेंडा होता, माइक होता. नातू छान बोलला. म्हणाला की त्या दिवशी मजुरांनी जगाला दाखवलं की ते हत्यार उचलू शकतात. टाळ्या पडल्या. खुर्चीवर बसलेल्या म्हातारीनेही टाळ्या वाजवल्या. मग मला बोलावलं. मी वाटेत ठरवलं होतं की सगळं सांगायचं, जसं आहे तसं, आणि लोकांनाच ठरवू द्यायचं. माइकसमोर उभी राहिले. मी म्हटलं, "मेरे पिताजी फाटक के जमादार थे. जिस दिन औरतों को मारा गया, उन्होंने वर्दी लौटा दी." मग पुढचं वाक्य यायला हवं होतं. मी म्हातारीकडे पाहिलं. ती मान हलवत होती, बोल बोल अशी. मी म्हटलं, "उसके बाद उन्होंने किसी को नहीं मारा." लोकांना वाटलं माझं संपलं, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं त्यांना नीट ऐकूही आलं नाही, माइक खरखरत होता. म्हातारीने मात्र ऐकलं. मी खाली आले तेव्हा तिने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. माझी नात दुरून खुणेने विचारत होती, सांगितलं का. मी मान हलवली. ती हो होती की नाही हे तिलाही कळलं नाही, मलाही नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार? घडी करून उशीखाली ठेवेन, मग नात चादर बदलताना विचारेल, आणि मी म्हणेन किराण्याची यादी आहे. मराठी वाचायला तिला वेळ लागतो.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दगड बसवणाऱ्या कारागिराने मला बोलावून घेतलं होतं, अक्षरं एकदा बघून घ्या म्हणून. तुमच्या आडनावातल्या 'ळ'चा त्याने 'ल' केला आहे. हिंदीवाल्यांचं असं होतंच. छिन्नी त्याच्या हातातच होती, 'ल' बुजवून 'ळ' कोरायला त्याला अर्धा तास पुरला असता. तो म्हणाला, "ठीक है न, माताजी?" मी वाचलं. ते दुसऱ्याच कुणाचंतरी नाव वाटत होतं, ज्याला मी ओळखत नाही, आणि ज्याच्याबद्दल टाळ्या वाजवायला माझी हरकत नव्हती. मी म्हटलं, "ठीक है."